झेंडा बदलला तर पेन्शनचं काय?

पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात एखाद्या कारखान्यात नव्या युनियनची कुजबुज सुरू झाली, की पहिले काही दिवस चर्चा फक्त आकड्यांची असते. शेजारच्या कंपनीत करार कितीचा झाला, आपल्याकडे कितीचा होईल, तीन वर्षांचा की चार वर्षांचा. तरुण पोरं यात रंगून जातात. पन्नाशी ओलांडलेले कामगार जरा मागे उभे राहून ऐकतात आणि गर्दी पांगली, की कमिटीतल्या एखाद्याला बाजूला घेऊन विचारतात, "झेंडा बदलला तर आमच्या पेन्शनचं काय?"

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या अशाच एका कारखान्यातल्या एका टर्नरला या प्रश्नाचा माग काढावा लागला. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. 1996 साली तेविसाव्या वर्षी ते तिथे लागले. भाषणाची आवड नाही, पण हिशेबाला पक्के. त्यामुळे बोनसच्या वेळी कोणाची किती हजेरी धरली, कोणाची रजा कापली गेली, हे पाहायला लोक त्यांच्याकडेच येत. कारखान्यात गेली कितीतरी वर्षं अंतर्गत युनियन होती. शेवटच्या करारावर पोरं नाराज होती आणि बाहेरची, मोठ्या संघटनेशी जोडलेली युनियन आणायची, असं त्यांच्यात ठरत होतं. एवढ्यात कँटीनमध्ये एक गोष्ट पसरली: जुन्या युनियनची पावती फाडणं बंद केलं तर फंड अडकेल आणि पेन्शनही जाईल. ती कोणी पसरवली याला आता महत्त्व नाही. जुने कामगार मात्र तिला घाबरले आणि नव्या युनियनचा मेंबरशिप फॉर्म घडी करून खिशात ठेवू लागले.

मामांनाही खात्री नव्हती. त्यांनी एक रजा टाकली आणि आकुर्डीचं भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय गाठलं. खिडकीमागच्या माणसाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, दहा-डी नंबरचा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "काका, पेन्शनसाठी हाच फॉर्म भरायचा असतो. यात युनियनचा रकाना कुठे आहे, दाखवा." मामांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. नाव, जन्मतारीख, खातं, कुटुंबातली माणसं, बँक, मालकाचा सही-शिक्का. युनियनचं नाव कुठेही नव्हतं.

नसणारच. खासगी कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना मिळणारं पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येतं. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. मालक कामगाराच्या फंडात पगाराच्या 12 टक्के भरतो. त्यातले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्याकडे वळतात आणि उरलेले 3.67 टक्के फंडात राहतात. कामगाराच्या पगारातून कापले जाणारे 12 टक्के पूर्णपणे फंडातच जातात. सरकार आपल्या बाजूने 1.16 टक्के घालतं. या व्यवहारात कामगार, मालक आणि सरकार असे तीनच पक्ष आहेत. युनियन त्यात कुठेच नाही. काही मोठ्या कंपन्यांचे फंडासाठी स्वतःचे ट्रस्ट असतात आणि त्यांच्या विश्वस्तांमध्ये मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने बसतात. पण तिथेही पेन्शनचे 8.33 टक्के ट्रस्टकडे न राहता भविष्य निर्वाह निधी संघटनेकडेच जमा होतात. युनियन बदलली म्हणून ट्रस्टवरची माणसं बदलतील, पेन्शनच्या खात्याला धक्का लागत नाही.

मग भीती आली कुठून? ती अगदीच बिनबुडाची होती, असं मामांना वाटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात परळच्या गिरण्यांतून परत आलेली एक पिढीच होती आणि त्यांचे चुलतेही त्यांतलेच.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांमधला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे बाहेर पडले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली होती. वाटाघाट करायची तर ती याच संघाशी, अशी कायद्याची चौकट होती. कामगारांनी मनाने युनियन बदलली होती, कागदावर ती बदलली नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि हजारो कामगारांना पुन्हा आत घेतलं गेलं नाही. मामांचे चुलते गावी आले ते फंडाचे पैसे घेऊन. म्हातारपणी दरमहा काही हातात येईल अशी सोय त्या काळी गिरणी कामगाराला नव्हती. 1971 ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती, पण ती कामगार वारल्यावर मागे राहिलेल्यांसाठी. स्वतः कामगाराला पेन्शन देणारी योजना 1995 साली आली, तोवर संपात बाहेर पडलेल्यांना नोकरी सुटून तेरा वर्षं होत आली होती.

गावात या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगितलं जाई: युनियन बदलली आणि सगळं गेलं. आकुर्डीहून आल्यावर मामा या वाक्याचा पुन्हा विचार करू लागले. चुलत्यांचं गेलं ते नोकरी गेल्यामुळे. युनियन बदलणं आणि सेवा तुटणं या दोन घटना तेव्हा एकाच वेळी घडल्या आणि लोकांच्या मनात त्यांची गाठ पडली ती कायमची.

जगात काही ठिकाणी मात्र ही गाठ खरोखरच कायद्याने बांधलेली आहे. अमेरिकेत ट्रक चालवणारे, बांधकामावरचे, गोदामातले अनेक कामगार अशा पेन्शन निधीत असतात, जो युनियन आणि अनेक मालक मिळून चालवतात. 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने त्याची चौकट घालून दिली. तिथे कामगारांनी मत देऊन युनियन बाहेर काढली, तर तोपर्यंत पक्कं झालेलं पेन्शन शिल्लक राहतं, पण त्या निधीत पुढची वर्षं जमा होणं थांबू शकतं. निधीतून बाहेर पडणाऱ्या कंपनीलाही तुटीतला आपला वाटा भरावा लागतो, असा कायदा तिथे 1980 पासून आहे. टीमस्टर्स युनियनच्या कामगारांचा सेंट्रल स्टेट्स हा प्रचंड निधी बुडण्याच्या बेतात आला होता. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकन सरकारने त्याला सुमारे 36 अब्ज डॉलर दिले, तेव्हा तो सावरला. तिथल्या कामगाराने युनियन बदलण्याआधी पेन्शनचा प्रश्न दहा वेळा विचारावा, अशीच परिस्थिती आहे. आपल्याकडची घडी वेगळी आहे आणि म्हणून विचारायचा प्रश्नही वेगळा.

तो वेगळा प्रश्न कोणता, हे मामांना एका रविवारी घरी बसून पगाराच्या स्लिपा मांडल्यावर दिसलं. एक स्लिप त्यांची स्वतःची, दुसरी शेजारच्या मशीनवरच्या, 2016 साली लागलेल्या पोराची.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. पगार म्हणजे बेसिक आणि डी.ए., आणि तोही एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा 2001 पासून 6,500 रुपये होती, 1 सप्टेंबर 2014 पासून ती 15,000 झाली. मामांचं बेसिक आणि डी.ए. मिळून 15,000 च्या बरंच वर गेलेलं होतं. 1996 ते 2014 ही अठरा वर्षं 6,500 च्या हिशेबाने आणि 2014 पासून निवृत्तीपर्यंतची, म्हणजे 2031 पर्यंतची, सतरा वर्षं 15,000 च्या हिशेबाने धरली, तर त्यांचं पेन्शन सुमारे 5,300 रुपये होतं. वीस किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा झालेल्याला दोन वर्षं वाढवून मिळतात, त्याचे काही रुपये वर. कोणतीही युनियन आली, कितीही मोठा करार केला, तरी मर्यादा 15,000 असेपर्यंत या आकड्यात फरक पडणार नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं, उत्तर तेच आलं.

मग त्यांनी पोराची स्लिप घेतली. बेसिक 8,400. डी.ए. 3,600. त्याखाली स्पेशल अलाउन्स 6,000, मग घरभाडं, शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता, हजेरी भत्ता. हातात पडणारी रक्कम वाईट नव्हती. फंड मात्र फक्त 12,000 वर कापलेला. मागच्या करारात झालेली वाढ बहुतेक सगळी स्पेशल अलाउन्सच्या ओळीत गेली होती. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही, कारण कपात कमी म्हणजे हातात जास्त.

तीस वर्षांच्या सेवेवर 12,000 च्या हिशेबाने पेन्शन होतं 5,142 रुपये. 15,000 च्या हिशेबाने 6,428. दरमहा जवळपास 1,300 रुपयांचा फरक, आणि तो मरेपर्यंतचा. कामगार वारल्यावर बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं, म्हणजे तो फरक तिच्यापर्यंतही पोचतो. त्या 3,000 रुपयांवर महिन्याला कामगाराचे 360 आणि मालकाचे 110 फंडात गेले असते, मालकाचे 250 पेन्शनमध्ये. ग्रॅच्युइटीही तेव्हाच्या कायद्याप्रमाणे शेवटच्या बेसिक आणि डी.ए. वरच निघत होती: दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तीस वर्षांवर त्या 3,000 चे जवळपास 52,000 रुपये होतात.

म्हणजे पेन्शनच्या काळजीने फॉर्म खिशात दडवणाऱ्या जुन्या कामगारांचं पेन्शन जवळजवळ ठरून गेलेलं होतं. ज्या पोरांच्या तोंडी पेन्शन हा शब्दही नव्हता, त्यांचंच पेन्शन कराराच्या कागदावर ठरत होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामांनी दोन्ही स्लिपा कँटीनच्या टेबलावर ठेवल्या आणि पोरांना गोळा करून हा हिशेब पेनाने मांडून दाखवला. एकाने विचारलं, "मामा, तीस वर्षांनी कोणी पाहिलंय?" मामा म्हणाले, "मी पाहतोय ना आता."

या स्पेशल अलाउन्सची गोष्ट एकट्या या कारखान्याची नाही. फंडाची कपात कमी ठेवण्यासाठी पगाराचे असे तुकडे करायची पद्धत देशभर होती. 28 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका शाळेच्या आणि आणखी काही कंपन्यांच्या प्रकरणांत सांगितलं, की जो भत्ता सगळ्यांना सरसकट दिला जातो आणि ज्यासाठी काही जादा काम करावं लागत नाही, तो फंडासाठी मूळ वेतनातच धरला पाहिजे. मामांच्या कारखान्यातला स्पेशल अलाउन्स सगळ्यांना सारखाच मिळत होता. पण निकाल लागला म्हणून टाइम ऑफिस आपणहून स्लिप बदलत नाही. तो निकाल वाचून, त्यावर बोट ठेवून वाटाघाटीच्या टेबलावर बसणारं कोणी तरी लागतं. युनियनचं पेन्शनशी खरं नातं असेल तर ते इथे आहे.

नव्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांबरोबर पहिली बैठक झाली, तेव्हा मामांनी पगारवाढीआधी तीन प्रश्न विचारले. चालू कराराचं काय होणार? मान्यता मिळेपर्यंत किती काळ जाईल? आणि त्या काळात कोणाची नोकरी गेली तर?

पहिल्याचं उत्तर कायद्यात होतं. हे सगळं जुन्या कायद्यांच्या काळातलं. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे झालेला करार युनियन बदलली म्हणून रद्द होत नव्हता, मुदत संपल्यावरही तो रीतसर नोटीस देऊन संपवेपर्यंत बंधनकारक राहत होता. शिवाय फंडातला किंवा पेन्शनमधला मालकाचा वाटा हा त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला विषय होता. त्यात कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर मालकाला आधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे. म्हणजे झेंडा उतरला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने सवलती काढून घेतल्या, असं करता येत नव्हतं.

दुसऱ्याचं उत्तर महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात, ज्याला सगळे एमआरटीयू म्हणतात. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद असलेली युनियन औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागू शकत होती. आधीच मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिच्या मान्यतेला दोन वर्षं व्हावी लागत आणि नव्या युनियनकडे तिच्याहून जास्त सभासद असावे लागत. मग तपास अधिकारी येऊन पावत्या, रजिस्टर, सह्या तपासत. हे काम महिन्यात उरकणारं नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नावर बैठकीत बराच वेळ शांतता होती. मामांच्या डोळ्यांसमोर त्याच पट्ट्यातला दुसरा एक कारखाना होता. तिथे युनियन बदलायच्या वेळी काम बंद झालं, चार्जशीट निघाल्या, चौकशा झाल्या, पंधरा-वीस जण बाहेर गेले. वर्षं कामगार न्यायालयात गेली आणि शेवटी तडजोड झाली. काही जणांना सेवासातत्यासह परत घेतलं, मधल्या काळाचा पगार मात्र सोडून द्यावा लागला. कामगारांना वाटलं, सातत्य मिळालं म्हणजे सगळं मिळालं. पासबुक उघडल्यावर कळलं, की ज्या महिन्यांचा पगार नाही त्या महिन्यांचा फंडही भरलेला नाही, आणि जिथे पेन्शनचा वाटा आलेला नाही तो काळ पेन्शनच्या सेवेत धरला जात नाही. न्यायालयाच्या कागदावर सलग असलेली नोकरी पासबुकात मधोमध तुटलेली होती. मामांनी नव्या पदाधिकाऱ्यांना तेवढंच सांगितलं: तडजोडीची वेळ आलीच, तर सेवासातत्याबरोबर त्या काळाचा फंड भरण्याचं कलम मागायचं. ते लिहून घेतलं गेलं.

आणखी एक खाचखळगा होता तो खुद्द युनियनच्या पैशाचा. जुन्या युनियनचा कल्याण निधी होता, एखादा सभासद वारला तर त्यातून घरच्यांना मदत मिळत असे. तो निधी युनियनचा, त्यामुळे बाहेर पडणाऱ्याचा त्यावरचा हक्क संपतो, हे लोकांना स्पष्ट सांगणं भाग होतं. कामगारांची पतपेढी मात्र सहकार कायद्याखाली स्वतंत्र नोंदलेली संस्था असते. तिचं सभासदत्व, ठेवी आणि कर्ज यांना युनियन बदलल्याने काही होत नाही. कँटीनमधल्या चर्चेत फंड, पेन्शन, कल्याण निधी आणि पतपेढी हे सगळं एकाच भाषेत बोललं जात होतं. ते सुटं करून सांगितल्यावर अर्धी भीती निघून गेली, असं मामा सांगतात.

पेन्शनसाठी युनियन बदलण्याचं अलीकडचं मोठं उदाहरण राज्यातल्या एसटी कामगारांचं आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर आंदोलन सुरू झालं आणि पाहता पाहता राज्यभरची 250 आगारं बंद पडली. जुन्या संघटनांच्या कृती समितीने तडजोड मान्य केली तरी कामगारांनी ती मानली नाही. आपल्याच मान्यताप्राप्त संघटनेला बाजूला सारून ते नव्या नेतृत्वामागे गेले. मागणी एकच, महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. अपुरा आणि वेळेवर न होणारा पगार हे तिचं कारण होतंच, पण निवृत्तीनंतरचं चित्रही होतं. तीस-पस्तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला 1995 च्या योजनेतून दोन-तीन हजार मिळणार आणि त्याच बसमधून रोज कार्यालयात जाणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला शेवटच्या पगाराच्या निम्मं. हा फरक त्यांना रोज समोर दिसत होता.

संप महिनोन् महिने चालला. आत्महत्या झाल्या, बडतर्फ्या झाल्या. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि कामगार परत आले. पगार वाढला, पेन्शनची योजना तीच राहिली. त्या काळात मामांच्या गावचा एक कंडक्टर संपात होता. त्याच्याशी बोलताना मामांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. राज्य शासनात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना तेव्हा जुनं निवृत्तिवेतन नव्हतं, ते अंशदान योजनेत होते. 2005 नंतर भरती झालेल्या एसटीच्या पोरांना विलीनीकरण झालं असतं तरी जुनं पेन्शन आपोआप मिळालं नसतं. संपाच्या धामधुमीत हा मुद्दा त्या कंडक्टरला कोणी समजावून सांगितलेला नव्हता. एवढा त्याग करायला निघालेल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं, असं मामा आजही तळमळीने म्हणतात.

पेन्शनची रक्कम मुळातच किती तुटपुंजी आहे, हा प्रश्न कोणत्याही एका कारखान्याच्या कराराने सुटणारा नाही. 1995 च्या योजनेत किमान पेन्शन 1,000 रुपये आहे आणि तेही 2014 पासून. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. ते 7,500 करावं आणि भत्ता द्यावा या मागणीसाठी बुलढाण्यात पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं आहे. तिथे बसणाऱ्यांत एकेकाळी वेगवेगळ्या युनियनच्या पावत्या फाडलेले लोक आहेत, सूतगिरणीतले, साखर कारखान्यातले, वीज मंडळातले, एसटीतले. भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे दहा प्रतिनिधी असतात आणि ते मोठ्या संघटनांमधून येतात. आपली युनियन कोणत्या महासंघाशी जोडलेली आहे आणि त्या महासंघाचा माणूस दिल्लीत पेन्शनबद्दल काय बोलतो, हे विचारण्याचा हक्क चाकणच्या टर्नरलाही आहे. मामांनी तोही प्रश्न बैठकीत विचारला.

शेवटी मेंबरशिप झाली. पन्नाशीपुढच्या बहुतेकांनी खिशातले फॉर्म काढून भरून दिले, काही जुन्या युनियनबरोबर राहिले आणि त्यांच्याशी कोणी वाकडेपणा करायचा नाही, हे मामांनी पोरांना बजावून सांगितलं. काम एक दिवसही बंद न ठेवता अर्ज न्यायालयात गेला. तारखा पडत गेल्या, तपासणी झाली, मान्यता मिळाली. नव्या मागणीपत्रात पहिलं कलम पगारवाढीचं नव्हतं. बेसिक, डी.ए. आणि स्पेशल अलाउन्स मिळून फंडासाठी किमान 15,000 धरावेत, असं ते होतं. पोरांच्या हातात येणारी रक्कम त्यामुळे महिन्याला 360 रुपयांनी कमी होणार होती. ते समजून-उमजून त्यावर सह्या झाल्या. व्यवस्थापनाने घासाघीस केली आणि स्पेशल अलाउन्समधले 2,000 रुपये बेसिकमध्ये टाकायला होकार दिला. उरलेले 1,000 पुढच्या कराराच्या वेळी पाहू, असं ठरलं.

तोवर कायदेच बदलले. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकट्याने हक्क मिळवायला 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणाकडेच नसेल तर किमान 20 टक्के असणाऱ्या युनियन मिळून वाटाघाटीला बसतात. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. ते 1,000 रुपये या व्याख्येत बसवून घेता येतील का, याची आकडेमोड मामांच्या वहीत चालू आहे.

मागणीपत्रातलं एक कलम मात्र करारात आलंच नाही. ते कंत्राटी पोरांचं. त्याच शॉपमध्ये, त्याच मशीनवर अकरा वर्षं काम केलेला एक पोरगा आहे. अकरा वर्षांत चार कंत्राटदार बदलले. दर वेळी नवं खातं निघालं आणि दर वेळी जुन्या खात्यातली पेन्शनची रक्कम त्याने दहा-सी फॉर्म भरून काढून घेतली, कारण काढता येते एवढंच त्याला सांगितलेलं होतं. पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. साडेनऊ झाली तरी ती दहा धरतात. या पोराची अकरा वर्षं झाली आणि पेन्शनच्या हिशेबात शिल्लक आहेत शेवटची फक्त चार. पैसे न काढता एकाच यूएएनखाली, म्हणजे फंडाच्या एकाच कायम क्रमांकाखाली, त्याने खाती जोडून घेतली असती, तर त्याचं पेन्शन आज पक्कं झालं असतं.

कंत्राटी कामगार आमचे नाहीत, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. कंत्राटदाराने फंड भरला नाही तर मूळ मालकाने भरायचा असतो, हे नव्या कमिटीचं म्हणणं. ज्यांचे महिने भरलेलेच नाहीत अशा पोरांची नावं, त्यांची गेटपास आणि हजेरीची कार्डं गोळा करून कमिटीने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार दिली आहे. दर शनिवारी सेकंड शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मामा कँटीनमध्ये बसतात आणि कंत्राटी पोरांच्या मोबाइलवर त्यांची पासबुकं उघडून एकेक महिना तपासतात. ज्यांनी अजून जुनी रक्कम काढलेली नाही, त्यांची खाती जोडण्याचे अर्ज तिथल्या तिथे भरले जातात. तक्रारीवर सुनावणीची पहिली तारीख झाली आहे, पुढची लागायची आहे.